आमच्या मंडळाची ऑनलाइन मराठी

ऑनलाइन वर्कशॉप घेणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात, ते विचारू नका. हाताला तेल न लावता फणस सोलायला बसावं, तसं होतं. गरे लोक खाऊन जातात, चीक आपल्या हाताला राहतो. कंपन्यांचे किस्से मी विसरते, कारण तिथे निदान पैसे मिळालेले असतात. फुकट केलेल्या कामातले मात्र एकेक आठवतात आणि अजून डोकं तापतं.

मी मूळची तंजावूरची. मराठे राजे इथे आले तेव्हा त्यांच्यामागून आलेली आमची घराणी, ती इथेच राहिली. शिकले इथे, नोकरी केली पुण्यात, एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात. म्हणून माझी मराठी ही अशी दोन्हीकडची. आईच्या आजारपणात परत आले ती राहिलेच. आता घरात बसून लॅपटॉपवर वर्कशॉप घेते. समोर न दिसणाऱ्या लोकांना दोन तास झोपू द्यायचं नाही, हा माझा धंदा. त्याला 'एंगेजिंग' म्हणतात.

हे आमच्या मराठी मंडळाला कळलं आणि माझे रविवार संपले.

*

मंडळाची मीटिंग भरली होती. विषय काय, तर मुलं मराठी विसरत चालली. अध्यक्ष श्रीनिवास अण्णांनी प्रास्ताविक केलं ते तमिळमध्ये. चर्चा झाली ती तमिळमध्ये. ठराव लिहिला इंग्रजीत. मातृभाषा वाचवण्याबद्दल दीड तास बोलणं झालं आणि मातृभाषेला कोणी शिवलंसुद्धा नाही.

मराठीत बोलली ती एकटी अंबुजा अक्का. अक्का म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, ऐंशीच्या पुढची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा सिडनीत. मेल वीदी या जुन्या रस्त्यावरच्या घरात ती एकटीच असते. ती उठून म्हणाली, "मला तुमचं ते भाषा-गिषा कळत नाही. माझा नातू माझ्याशी एकदा मराठीत बोलला पाहिजे. मी जायच्या आत. तेवढं होईल काय ग, सुमे?"

'सुमे' म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्यात असते तर मी फी सांगितली असती. इथे मी मान डोलावली.

असं ठरलं. दर रविवारी सकाळी ऑनलाइन. चेन्नई, बंगळूर, सिडनी, जिथे जिथे आमची मुलं पांगली आहेत तिथली सगळी एकत्र येणार आणि मराठी बोलणार. अक्काच्या मुलाने तिला टॅबलेट पाठवला. ऋत्विकचं, म्हणजे त्या पंधरा वर्षांच्या नातवाचं, नाव सगळ्यांत आधी नोंदवलं गेलं.

*

पहिल्या रविवारी मी मुलांना सोपा प्रश्न दिला. आवडता पदार्थ मराठीत सांगा, एका वाक्यात.

बंगळूरची मुलगी म्हणाली, "मला माझ्या आजीच्या हातची डांगर पचडी फार आवडते." मला भरून आलं. मग चेन्नईचा मुलगा म्हणाला, "मला माझ्या आजीच्या हातची डांगर पचडी फार आवडते." तिसरा तेच म्हणाला. चौथी तेच. उडदाच्या पिठाची ती पचडी एवढी आवडीने खाल्ली जात असती, तर आमच्या घरांतून ती दिसेनाशी का झाली असती?

पाचव्या मुलाने तर कमाल केली. पचडी सांगून झाल्यावर त्याच दमात तो पुढे वाचत गेला, "आंटीज, प्लीज चेंज द डिश, सेम सेंटेन्स चालेल."

आदल्या दिवशी आयांच्या ग्रुपवर कोणीतरी वाक्य तयार करून टाकलं होतं, इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी आमच्यात फारशी कोणाला वाचता येत नाही. डिश बदलण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. मी रागावले तर त्यातली एक आई मला म्हणते, "मॅम, मुलांचा कॉन्फिडन्स जाईल."

त्या दिवशी ऋत्विक काहीच बोलला नाही. त्याचा कॅमेरा बंद होता. अक्का मात्र म्हणाली, "लाजतो ग. त्याचा बाप पण असाच होता."

*

मग मी म्हटलं, मुलांना सोडा, आधी आईबापांना धरू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून एक पोल घेतला. घरी मुलांशी मराठी कोण बोलतं? पर्याय दिले: आई, बाबा, आजी-आजोबा, कोणीही नाही.

सगळ्यांनी, अगदी एकूण एक पालकांनी, 'आजी-आजोबा'वर टिचकी मारली.

श्रीनिवास अण्णा खूश झाले. आमच्या तंजावुरी उच्चारात म्हणाले, "पाहिलंस? परंपरा जिवंत अहे."

यातल्या निम्म्या घरांना मी ओळखते. तिथले आजी-आजोबा केव्हाच गेले. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत, चंदनाचे हार घातलेले. ते मुलांशी कुठली भाषा बोलतात ते मला माहीत नाही. मी तो पोल बंद केला आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

*

माझीच एक हौस म्हणून पुण्याहून पाहुणे बोलावले. माझ्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ. भाषा चांगली, आवाज चांगला, आणि दोन्हींची त्यांना पुरेपूर जाणीव.

त्या दिवशी अक्का तिच्या माहेरच्या गावाची गोष्ट सांगत होती. पापनाशमच्या पुढचं गाव, कालव्याला पाणी सोडलं की पोरं कशी धावत सुटायची, आणि तिच्या आजोबांचं उपरणं कसं वाहून गेलं. मुलं खरोखर ऐकत होती. दोघातिघांनी कॅमेरे चालू केले होते. आमच्याकडे ही मोठी गोष्ट.

पाहुण्यांनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाले, "वा आजी, किती गोड बोलता हो तुम्ही! ही भाषा ना, म्यूझियममध्ये ठेवायला हवी." आणि मुलांकडे वळून पुढे म्हणाले, "पण आपण बाळांनो, आजची मराठी शिकू या."

मुलं हसली. कशाला हसली ते त्यांनाही कळलं नसेल. अक्काही हसली. उपरण्याचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. तिने मला कॉफी दिली. मग डबरा, म्हणजे कॉफीची वाटी, हातात तसाच धरून विचारलं, "म्यूझियममध्ये ठेवलेल्या वस्तूला हात लावू देत नाहीत ना ग?"

मी त्या गृहस्थांना परत कधी बोलावलं नाही. त्यांनी त्यांच्या फेसबुकवर आमचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'मराठीची सेवा'. कपाळ माझं.

*

आता जमलेल्या एका रविवारचंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडते.

मी एक मूल आणि एक मोठं माणूस अशा जोड्या केल्या आणि त्यांना दोनदोन, चारचारच्या खोल्यांत पाठवलं. ऑनलाइन खोल्या हो, स्क्रीनवरच्या. अक्काला अर्थातच ऋत्विक दिला. तिथे आणखी कोणाला घातलं नाही, म्हटलं दोघांना बोलू दे. पुढेही दर रविवारी त्यांची खोली तशीच वेगळी ठेवली.

आमच्यात एक सवय आहे. नवं माणूस भेटलं की आधी विचारायचं, तू कोणाच्या घरचा? आणि उत्तर मिळालं की मागच्या चार पिढ्या उकरून काढल्याशिवाय सोडायचं नाही. एका खोलीत पांडुरंगराव आणि मदुराईचे कृष्णाजीराव, दोघंही सत्तरीचे, आणि समोर दोन मुलं. दोघांनी एकमेकांची घराणी उकरली आणि खाली सापडली नारळाची बाग. दोन्ही घरांत जिच्यावरून तीन पिढ्या कोर्ट चाललं, तीच.

मी त्या खोलीत डोकावले तेव्हा भांडण रंगात आलं होतं. अस्सल मराठीत! "तुझ्या आजोबांनी कुंपण सरकवलं." "कुंपण सरकवलं म्हणजे काय, तिथे कुंपण होतं कोठें?" आणि ती दोन मुलं, जी महिनाभर नुसती नावं म्हणून दिसत होती, ती कॅमेरा लावून, पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बघत होती. एकीने तर मला चॅटवर विचारलं, 'कुंपण म्हणजे काय?' इतक्या आठवड्यांत आलेला तो पहिला खरा प्रश्न.

मी अण्णांना म्हणणार होते की विसरा तुमच्या त्या गोष्टी नि गाणी, आपण भांडणं शिकवू. तेवढ्यात पांडुरंगराव खरे चिडले. आणि खरे चिडल्याबरोबर दोघंही तमिळमध्ये गेले. तिथून परत आलेच नाहीत.

मुलांनी कॅमेरे बंद केले. तमिळ भांडणं त्यांनी घरी पाहिली होती.

*

वर्ष संपत आलं तेव्हा अण्णांना सुचलं की वर्कशॉपचा समारंभ करायचा. पाहुणे, शाली, बक्षिसं, सगळं. 'उत्कृष्ट सहभाग' हे बक्षीस कोणाला द्यायचं? अण्णांनी माझ्याकडून हजेरीचा रिपोर्ट मागितला आणि निकाल लागला. ऋत्विक. एकही रविवार चुकवला नव्हता, वेळेवर यायचा, शेवटपर्यंत थांबायचा.

मी म्हटलं, "अण्णा, तो मुलगा आजवर माझ्यासमोर एक शब्द बोललेला नाही."

अण्णा म्हणाले, "आजीशी बोलतो की. त्यांची खोली वेगळी असते ना." मग म्हणाले, "सुमती, असं कर. आजी-नातवाचा बोलतानाचा छोटा व्हिडिओ घे. समारंभात दाखवू. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मलाही वाटलं, खरंच की. ती दोघं वर्षभर दर रविवारी बोलताहेत, मी त्यांच्या खोलीत कधी डोकावलेसुद्धा नाही. मुद्दामच नाही. सरप्राइज द्यावं म्हणून कोणाला न सांगता जायचं ठरवलं. पुढच्या रविवारी वर्कशॉप सुरू केलं, जोड्या लावून दिल्या, बाकीचं बंगळूरच्या एका आईवर सोपवलं आणि स्कूटर काढून मेल वीदीत गेले.

दार उघडंच होतं. अक्का टेबलाशी बसली होती. धुतलेली साडी, नीट विंचरलेले केस, समोर टॅबलेट उभा केलेला. ती बोलत होती. तिच्या लग्नात कुंभकोणमहून आचारी आले आणि अंबट वरण कसं बिघडवून ठेवलं, ते सांगत होती. मध्येच थांबायची, कोणी काही विचारल्यासारखी, आणि मग म्हणायची, "हो तर." मी मागून फोनवर व्हिडिओ घ्यायला लागले. माझ्याच डोळ्यांत पाणी.

मग मी जवळ गेले. टॅबलेटवर एक काळा चौकोन आणि त्यावर नाव, ऋत्विक. आवाज नाही, हालचाल नाही. जरा वेळ थांबले. तरी नाही.

मी मागच्या मागे सरकले आणि त्याच्या आईला मेसेज केला. ती आमच्यातलीच, विद्या, चेन्नईत वाढलेली. विचारलं, ऋत्विक आहे ना तिथे? तिने लगेच फोटो पाठवला. हिरवंगार मैदान, फुटबॉलच्या कपड्यात हसणारा मुलगा. खाली लिहिलं होतं, 'संडे मॅच असते ना, आंटी! डोन्ट वरी, अटेंडन्स मिस होणार नाही. दर वीक घरून निघताना मीच लॉगिन करून ठेवते.'

माझं डोकं फिरलं. दर आठवड्याला. म्हणजे वर्षभर ही बाई धुतलेली साडी नेसून, रिकाम्या घरातल्या एका लॅपटॉपला गोष्टी सांगत होती, आणि त्याला आम्ही बक्षीस देणार होतो. मी फोन तसाच पुढे धरून अक्काजवळ गेले. म्हटलं, आता हिला सांगतेच, आणि विद्यालाही इथूनच फोन लावून चांगली खडसावते.

अक्काने फोनकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मग टॅबलेटकडे वळून, एका बोटाने, आपला माइक बंद केला.

"मला माहीत अहे, सुमे," ती हळूच म्हणाली. "पहिल्यापासून माहीत अहे. तू विद्येला काही बोलू नको. मला कळलं म्हणून तिला कळलं तर ती हे पण लावायची नाही."

आणि तिने माइक परत चालू केला.

"हं, बाळा," ती त्या काळ्या चौकोनाला म्हणाली, "तर ते आचारी."