घाबरू नका, काहीही दाबू नका

जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस बिघडणार, आणि ती बिघडायच्या आधीच तिच्या दुरुस्तीची तयारी करून बसलेला अख्ख्या मुंबईत एकच माणूस आहे. तो नेमका व्याही म्हणून माझ्या वाट्याला आला. विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये छत्तीस वर्षं फिटर होते, आता मुलुंडला राहतात. खिशात दोन चष्मे, पिशवीत दोन छत्र्या. घराच्या चार चाव्या, त्यातली चौथी माझ्याकडे घाटकोपरला. का, तर "मुलुंडच्या तिन्ही हरवल्या तर?" मुलांच्या लग्नात त्यांनी पत्रिकाही दीडशे जास्त छापून घेतल्या. लग्नाला काय स्पेअर पत्रिका लागतात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "विहीणबाई, उरल्या तर मागची बाजू कोरी आहे ना!" पुढे त्या कोऱ्या बाजूनेच मला तारलं, म्हणून आता काही बोलत नाही.

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, हे कॉम्प्युटरला लागले. त्यांचं सगळ्यात मोठं कर्तृत्व म्हणजे एक पेनड्राइव्ह. कॉम्प्युटर सुरूच होईना, की तो पेनड्राइव्ह लावून सुरू करायचा, आणि त्यातल्या सॉफ्टवेअरने डिस्कचे कप्पे पाडायचे, जोडायचे, हरवलेले शोधायचे. बाजारातला तयार नव्हे हं, स्वतः खपून बनवलेला. तो लावला की पडद्यावर आधी आमच्या मुलांचा लग्नातला फोटो येतो आणि खाली ठळक अक्षरात ओळ येते : 'घाबरू नका. काहीही दाबू नका. आधी मला फोन करा.' साखरपुड्याला ताटात साखरेच्या पुड्याशेजारी त्यांनी हाच पेनड्राइव्ह, फोटो घालायच्या आधीचा, हळदकुंकू लावून ठेवला होता. माझी बहीण माझ्या कानाशी लागली, "अगं, सोन्याचा आहे का गं?" मी म्हटलं, गप्प बस, मुलगा चांगला आहे.

आता माझं सांगते. कांजूरमार्गला माझ्या आईने तीस वर्षं कोकणातून आलेल्या कामगारांसाठी खाणावळ चालवली. आमचे हे गेल्यावर, रिकाम्या घरात वेळ जाईना म्हणून, त्या खाणावळीवर मी पुस्तक लिहायला घेतलं. एका बोटाने टाइप करत दीड वर्ष गेलं. सोमवारी ते प्रकाशकाला द्यायचं होतं, आणि शनिवारी सकाळी व्याही सहज म्हणून आले. पोह्यांची ताटली हातात घेऊन त्यांनी माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावलं आणि पोहे तसेच खाली ठेवले. "अहो, विंडोज आणि तुमचं पुस्तक एकाच कप्प्यात? उद्या विंडोज आजारी पडलं म्हणजे?" वेगळा कप्पा करून देतो म्हणाले. सुरू करण्याआधी त्यांनी तीनदा विचारलं, "बॅकअप आहे ना?" मी तिन्ही वेळा ठणकावून सांगितलं, "आहे!"

काम सुरू झालं. याला हात लावू नका म्हणाले आणि हात धुवायला उठले, तेवढ्यात मुलुंडहून फोन आला म्हणून बोलत गॅलरीत गेले. इकडे पडद्यावरचा आकडा त्रेचाळीस टक्क्यांवर येऊन बसला तो बसलाच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला वाटलं, अडकलं. लेकीने शिकवलं होतं, अडकलं की बटण दाबून धरायचं. मी धरलं. लॅपटॉप बंद झाला आणि पुन्हा सुरू होईना. माझी पार वाट लागली होती, पण ते मला तेव्हा कळलंसुद्धा नव्हतं.

व्याही आले, बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक अक्षर रागाचं नाही. "चूक माझी. मशीन चालू असताना फिटरने उठायचं नसतं. बॅकअप कुठे आहे?"

"त्यातच आहे की. बॅकअप नावाचं फोल्डर केलंय मी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, मग खिशातला दुसरा काढून लावला. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. एवढी साठी उलटलेली बाई, व्याह्यांसमोर पदराने डोळे पुसतेय. आईच्या हातची चव, तिच्या शिव्या, डबे उचलणारे ते लोक, सगळं त्या बंद डब्यात.

त्यांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. एका वेळी एकच बदल करायचा, तो पत्रिकेच्या मागे लिहायचा, पुढे काय झालं तेही लिहायचं. टूलरूमची शिस्त. पहिली पत्रिका : पेनड्राइव्ह लावला, दखलच नाही. दुसरी : सेटिंगमध्ये जाऊन पेनड्राइव्हला पहिला नंबर दिला, तरी नाही. तिसरी : अनोळखी पेनड्राइव्हला दारातच अडवणारं एक कुलूप असतं, ते काढलं. आणि आला बाई एकदाचा मुलांचा फोटो! 'घाबरू नका.' मी टाळ्या वाजवल्या. पण सॉफ्टवेअर उघडलं तर यादीत फक्त तो पेनड्राइव्हच. लॅपटॉपच्या डिस्कचं नाव नाही.

चौथी पत्रिका, सातवी पत्रिका, अकरावी पत्रिका. दुपार झाली. जावई आमचे पवईला ऑफिसात असतात, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बाबा, डिस्क गेली. सोडून द्या ना आता."

"अरे, सेटिंगमध्ये तिचं नाव दिसतंय. मशीनला दिसतेय, फक्त आपल्या पेनड्राइव्हला दिसत नाहीये," व्याही म्हणाले. "म्हणजे दोष तिच्यात नाही, आपल्यात आहे." त्यांनी फोन ठेवला आणि मला समजावलं, "लग्नाच्या दारात उभ्या माणसाला नवा पाहुणा ओळखू येतो का? त्याच्या घरचं कोणी ओळख करून द्यायला लागतं. तशी या डिस्कची ओळख करून देणारी एक छोटी फाइल असते, ड्रायव्हर म्हणतात. माझ्या पेनड्राइव्हमध्ये सगळी जुनी ओळख भरलीय. हे मशीन नवं." फोनवर कंपनीच्या साइटवरून दोन फाइल आणून बघितल्या. तेरावी पत्रिका, चौदावी पत्रिका. दोन्ही वाया.

मग त्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर वाचला. "मी घरी जाऊन येतो," म्हणाले आणि चपला घालून निघालेच. मला वाटलं, संपलं. तोंड कसं दाखवायचं म्हणून पळाले बिचारे.

तासाभराने रिक्षा थांबली. व्याह्यांच्या हातात भेटकागदात गुंडाळलेलं एक खोकं. मी ओळखलं! दोन दिवाळ्यांपूर्वी लेकीने मला हा लॅपटॉप घेतला, तेव्हा मानपानात उणं नको म्हणून सासऱ्यांनाही डिट्टो तस्साच घेतला होता. खोक्यावर लेकीच्या अक्षरातलं 'बाबांना' तसंच होतं.

"अहो भाऊ, उघडलाच नाहीत?"

ते खाली बघून म्हणाले, "सुनेने दिलेली पहिली वस्तू. वापरली की जुनी होते हो."

त्यांनी सुरीने चिकटपट्टी हलकेच कापली, कागदाची व्यवस्थित घडी केली आणि खिशात ठेवली. त्या जुळ्या लॅपटॉपमधून ती ओळखीची फाइल काढली, आपल्या पेनड्राइव्हमध्ये घातली आणि पंधराव्या पत्रिकेवर लिहिलं : 'घरचं माणूस आणलं.' पेनड्राइव्ह लावला. मुलांचा फोटो. घाबरू नका. यादी उघडली.

"दिसली!" व्याही एवढ्या मोठ्याने ओरडले, की समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दार उघडून बाहेर आल्या. हरवलेला कप्पा शोधायला सॉफ्टवेअरने पाऊण तास घेतला. या वेळी ते जागचे हलले नाहीत आणि मी हात पाठीमागे बांधून बसले. एकेक फोल्डर वर येऊ लागलं, आणि सगळ्यात आधी कोणतं यावं? 'बॅकअप'! दोघंही इतकं हसलो, की मला ठसकाच लागला. आत खाणावळ होती, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. झकास! मी शिरा केला, समोरच्या काकूंनाही दिला, जावयाला फोन करून सांगितलं, "गेलेली डिस्क आली हो घरी."

व्याह्यांनी पुस्तकाच्या चार प्रती केल्या, चार वेगवेगळ्या जागी ठेवायला. मग तो नवा लॅपटॉप पुन्हा खोक्यात घालायला लागले. मी म्हटलं, "आता उघडलाय तर वापरा तरी."

"नाही. हा तुमच्या मशीनचा जोडीदार. पुन्हा काही झालं तर ओळख द्यायला कोणी पाहिजे ना? तुम्ही निर्धास्त लिहा."

निर्धास्त लिही, असं मला आधी फक्त आमच्या यांनी म्हटलं होतं, शेवटी हॉस्पिटलमध्ये असताना, पुस्तकाचा नुसता विचार होता तेव्हा. व्याह्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी शिऱ्याचं भांडं घासायचं निमित्त करून आत गेले.

पुस्तक निघालं. दुसरं चालू आहे. दर महिन्याला व्याही मुलुंडहून येतात आणि माझं मशीन तपासतात. आताशा त्यांचा हात थरथरतो, पेनड्राइव्ह पहिल्या खेपेला आत जात नाही. मी घेते आणि लावते, ते पत्रिकेच्या मागे तारीख लिहितात. पत्रिका थोड्याच उरल्यात. पडद्यावर मुलं हसतात, खाली ती ओळ येते, आणि मी खरंच घाबरत नाही. पुस्तकाच्या चार प्रती आहेत, लॅपटॉपला जोडीदार आहे, माझ्या घराचीही दुसरी चावी आता मुलुंडला आहे. व्याही मात्र एकच आहेत.