शून्यावर ठेवलेला काटा

आमचे अण्णा, म्हणजे वडील, रोज सकाळी मेलेली माणसं वाचायचे. असं लिहिलेलं बरं दिसत नाही, पण होतं ते तसंच होतं. माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला वर्ष होत आलं होतं. दुपारी जेवला, मोबाईल टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. चौकीत तक्रार दिली, नातेवाइकांना फोन झाले, अक्कलकोटच्या धर्मशाळांमधून मी त्याचा फोटो घेऊन हिंडले. काही हाती लागलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं घरात उरलो मी आणि अण्णा. मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांचं वजन करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

माझं काम बातम्यांच्या ॲपची बटणं बनवायचं. बोट कुठं ठेवायचं, कुठून कुठं सरकवायचं, सरकवल्यावर काय व्हायचं, हे ठरवायचं. आमची मावशी म्हणते, "ह्याचा बी पगार देत्यात व्हय?" देत्यात की! आणि मी त्यात हुशार होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीच तर पंचाईत झाली.

त्या वर्षी मी एका सोलापुरी ॲपसाठी पट्ट्या बनवल्या. शेती, राजकारण, नळाला पाणी कधी येणार, गुन्हे आणि अपघात, अशी प्रत्येक विषयाला एक आडवी पट्टी आणि तिच्यावर एक गोल ठिपका. ठिपका उजवीकडं सरकवला की त्या विषयाच्या बातम्या जास्त, डावीकडं नेला की कमी. पार डाव्या टोकाला, म्हणजे शून्यावर, नेला तर तो विषय गायब.

ॲपचे संपादक जुन्या छापखान्यातले, हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, पट्टी शून्यावर असली की खाली एक ओळ येऊ द्या. आज इतक्या बातम्या झाकल्या आहेत, अशी. माणसाला कळायला हवं की काहीतरी झाकलंय."

मी फाडकन म्हणाले, "सर, ज्याला नको म्हणून झाकलं, त्याच्याच डोळ्यापुढं पुन्हा कशाला नाचवायचं?" बाकीचे हसले. ओळ गेली, पडदा स्वच्छ दिसायला लागला. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना भजी खाऊ घातली.

ॲप मी सगळ्यात आधी अण्णांच्या फोनवर टाकलं. ते ठिपक्याला काटा म्हणायचे. त्यांनी बाकी कशाला हात लावला नाही. गुन्हे-अपघाताचा काटा तेवढा उजवीकडं टोकाला नेला. मग काय, सगळ्या महाराष्ट्रातली बेवारस प्रेतं आमच्या स्वयंपाकघरात यायला लागली. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस. अण्णा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचे. उंची, शर्टाचा रंग, दात. मग म्हणायचे, "ह्यो न्हाय." पुढचा. "ह्यो बी न्हाय." नऊ वाजेपर्यंत हेच चालायचं, चहा तसाच निवून जायचा आणि भाकरी अर्धी ताटात राहायची. डॉक्टर म्हणाले, यांना टेन्शन देऊ नका.

आमच्याकडं म्हाताऱ्यांपासून वाईट बातमी लपवणं ही सेवाच समजतात. आत्या गेली तेव्हा अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना महिन्यानं सांगितलं. सगळ्यांनी मिळून लपवलं आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्यामुळं एका सकाळी अण्णा अंघोळीला गेले असताना मी त्यांचा फोन घेतला आणि काटा शून्यावर ओढला. दोन सेकंदांचं काम.

आठवड्याभरात अण्णा दोन भाकऱ्या खायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अण्णा लई सुधारले की गं!" मी खूश. मग एक दिवस मी कणीक मळत होते आणि अण्णा फोन खाली ठेवून म्हणाले, "आज बी न्हाय. म्हंजी हाय बघ त्यो कुटंतरी."

माझा हात कणकेत तसाच राहिला. मला वाटलं होतं, तसल्या बातम्या येईनात म्हणून ते वाचायचं सोडून देतील. ते तर प्रेतांच्या बातम्या नाहीत यावरूनच पोरगा जिवंत असल्याचा हिशेब लावत होते! त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भ्याले, दुसरं काय.

आणि दिवसागणिक ते अवघड होत गेलं. अण्णांनी त्याच्या मापाचा शर्ट आणला. त्याच्या खोलीला रंग देऊन घेतला. रोज सकाळी तेच, "आज बी न्हाय," आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा आनंदी. मला त्या आनंदाची भीती वाटायला लागली. सकाळ झाली की नको व्हायचं.

काटा शून्यावर ओढल्यावर दोन महिन्यांनी ऑफिसात ॲपची नवी आवृत्ती तपासायची होती. चाचणीच्या फोनवर मी गुन्हे-अपघाताचा काटा पार उजवीकडं नेला आणि खाली खाली सरकत गेले. सात आठवड्यांपूर्वीची बातमी होती, शेजारच्या जिल्ह्यातली. रेल्वे रुळाजवळ अनोळखी तरुण, उजव्या कोपराच्या वर भाजल्याचा जुना व्रण. तो व्रण दिवाळीतल्या अनाराचा. भाऊ भाजला तेव्हा त्याच्या हातावर पाणी मीच ओतलं होतं.

तिथल्या ठाण्याला फोन लावला. साहेब नीट बोलले. चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता, आठवडाभर वाट बघून दफन केलं, नमुने ठेवलेत. "व्रण काय, कुणाच्याही हातावर असतो. आईवडिलांपैकी कुणाचं तरी रक्त मिळालं तर खात्री होईल."

आई असती तर मी तिलाच नेलं असतं आणि अण्णांना कळूही दिलं नसतं. मी तेव्हाही हाच विचार केला, हे लिहिताना लाज वाटते.

दुपारीच घरी आले. अण्णा म्हणाले, "लवकर सुटलीस?" मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. अंघोळ, काटा, बातमी, रक्त. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती दीस बंद हुतं?"

"दोन महिने."

"म्हंजी तकडं त्येला पुरत हुते, आन् मी हितं त्येच्या खोलीला रंग देत हुतो."

मी रडायला लागले. त्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला. "काटा उजवीकडं घे."

"अण्णा, आता कशाला? उद्या रक्त देऊ, कळंलच की."

"आन् त्यो न्हाय निघाला तर?" अण्णा म्हणाले. "दोन महिन्यांची बाकीची मानसं ऱ्हायलीत की बघायची."

मी काटा ओढला. बातम्या एकीखाली एक यायला लागल्या, थांबेनात. अण्णांनी चष्मा लावला, पुसला, परत लावला. त्यांना अक्षरं दिसेनात. "तू वाच," ते म्हणाले. मी पहिली बातमी मोठ्यानं वाचायला लागले.