वहिनीची बिनपाण्याची टाकी

वडवणीला माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी माझं डोकं धरतं. आमचं घर म्हणजे एसटी स्टँडच. माझा थोरला भाऊ अमरसिंह राजकारणात, त्यामुळे उजाडल्यापासून फाटक वाजत राहतं. कुणाला विजेचा डीपी बसवून हवा असतो, कुणाला बदली हवी असते, आणि काहींना नुसतंच बसायचं असतं. माणसं थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि वर वहिनीलाच विचारतात, "सायेब कुठं हायेत?"

माझी वहिनी विजयमाला तळवाड्याची, शेतकऱ्याची लेक. लग्नानंतर तिनं ब्यूटी पार्लरचा कोर्स धरला, तर तिच्या खोलीत प्रचाराचे फलक येऊन पडले. शिवणयंत्र घेतलं, तर त्यावर मतदारयाद्यांचे गठ्ठे बसले. यंदा मी दोन महिने राहायला गेले, तेव्हा बैठकीत काचेची एक टाकी होती, माशांची असते तशी. पण आत पाणी नव्हतं आणि मासेही नव्हते. नुसती काळी माती, वर ताणून बसवलेलं प्लास्टिक, आणि मातीत बारीक बारीक हिरवे ठिपके.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"गालिचा," वहिनी म्हणाली. "मुळं धरली की सगळीकडं पसरतो. मग वरून पाणी भरायचं. पाण्याखाली हिरवं रान दिसतं बघ." भुवया कोरायच्या चिमट्यानं तिनं एकेक काडी लावली होती. मुळं धरेपर्यंत इस्त्रीच्या बाटलीनं नुसता फवारा द्यायचा, पाणी साचू द्यायचं नाही, हे ती मोबाईलवर बघून शिकली होती. मग हळूच म्हणाली, "ह्या घरात एवढा तरी चौकोन माझा असावा, असं वाटतं गं."

टाकी बैठकीत ठेवायची हौस तिला नव्हती. पण टाकीच्या दिव्याला लागणारा इन्व्हर्टरचा एकच चालू बोर्ड तिथं, आणि तिच्या खोलीत फलक. मला तर ते बघूनच धाकधूक सुरू झाली. वहिनीची तर विचारूच नका. पोळी तव्यावर टाकून बैठकीत डोकावायची, फोनवर बोलता बोलता डोकावायची, रात्री पाणी प्यायला उठली तरी वाकडी वाट करून जायची.

आणि व्हायचं तेच झालं. आपल्याकडची रीतच आहे, पेल्यातलं उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. दुष्काळ बघितलेली माणसं, त्यांचा हात आपोआप वळतो. बाजाराच्या दिवशी बैठक भरली. जो आला तो पाणी प्यायला, आणि सुकी टाकी बघून कळवळला. प्लास्टिक उचलून प्रत्येकानं घोटभर घातलं. संध्याकाळी बघतो तर गढूळ पाण्यावर वहिनीची सगळी रोपं तरंगत होती.

वहिनी रडली नाही. चिमटा घेऊन पुन्हा लावायला बसली. मला मात्र त्या पुण्यवान माणसांचा असा संताप आला की काय सांगू! दादा म्हणाला, "एवढं काय त्यात? पाणीच घातलं, विष न्हाई." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिनं पाटी लावली, पण कुणी वाचली नाही. ती प्रत्येकाला सांगत सुटली, "ही कोरडी सुरुवात असते." लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की पेला तिरका करायचे. दोनदा मी स्वतः धावत जाऊन हात धरला.

मग आले त्रिंबकआण्णा. शेजारच्या वस्तीवरचे, दादाच्या हक्काच्या मतांचे म्होरके. दादा समोरच बसला होता. आण्णा पाणी प्यायले, त्यांनी प्लास्टिक उचललं, आणि वहिनी दारातूनच कडाडली, "आण्णा, हात काढा!"

निवडणूक तोंडावर आणि घरची सून मतदारावर ओरडते! दादाचा चेहरा उतरला.

आण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले, "बाई, मला गिलासभर पानी दिलंस. ह्या रोपाला कावून तान्हेलं ठिवलंस?"

"तान्हेलं न्हाई, आण्णा!" वहिनीला आता भान नव्हतं, माहेरची बोली तोंडात आली होती. "वाफशावर हाय ते. वाफसा मोडला तर मुळी धरंल का? चिबडून जाईल सगळं!"

शेतकऱ्याला वाफसा काय ते सांगावं लागत नाही. माती ओली असते पण पाणी साचलेलं नसतं, मुळाला ओल मिळते आणि हवाही. आण्णांनी बोट मातीत खुपसलं, बोटाला लागलेली माती चोळली आणि हसले. "खरंच की, बे! आरं, वाफशावर हाय!" मग ज्यानं त्यानं येऊन बोट घालून बघितलं. वहिनीचा जीव टांगणीला. पण त्या दिवसापासून टाकीत कुणी थेंब घातला नाही. नवीन कुणी पेला वाकवला, की बसलेली माणसंच ओरडायची. दादानं पक्षाचे मोठे साहेब येणार म्हणून टाकी हलवायला काढली, तर आण्णांनी त्यालाच दटावलं. मतांपुढे दादाचं काय चालतं!

मी निघायच्या आधी वहिनीनं पाणी भरलं. गालिचा तोवर काचेला भिडला होता. मातीवर बशी ठेवून त्यावर बारीक धार सोडली. पाणी काठापर्यंत आलं. एकही काडी सुटली नाही.

"धरलं गं," वहिनी म्हणाली आणि तेव्हा तिला रडू आलं.

दादाही बघत उभा होता. खुशीत आला आणि म्हणाला, "झकास! उद्याच बीडहून मासे आणतो. रंगीत आणू, चांगले डझनभर."

वहिनीनं डोळे पुसले. "मासे नकोत," ती म्हणाली. "तिथं तरी कुणी यायला नको."