अत्तर लावलेला हात

हळदीकुंकवाला थोरल्या जाऊबाई माझ्या हाताला अत्तर लावत होत्या, तेव्हा माझी नजर त्यांच्या बोटांवर होती. इसबाने माझे हात चिघळलेले असताना त्या मला कुंकू लावून लगेच साबणाने बोटं धुवायच्या, सगळ्या बायकांदेखत. यंदा डॉक्टरांनी मानेत इंजेक्शन देऊन हातांकडे जाणारी एक नस बधिर केली आणि वर्षानुवर्षांची खाज हळूहळू ओसरली, खाजवणं थांबलं तशी कातडीही भरून आली.

"अगं बाई, किती नितळ झाला गं हात!" जाऊबाई म्हणाल्या.

खाजेची नस डॉक्टरांना सापडली. अपमानाची कुणाला सापडायची? तो अजून चुरचुरतो आणि खरं सांगते, मला तो बरा करायचाच नाही.

मी गोड हसले, बेसिनपाशी गेले आणि सगळ्या बायकांदेखत साबण लावून तो हात खसाखसा धुतला.