खिडक्या मोजणारे साडू

आमच्या साडूंइतका घरांवर जीव टाकणारा आणि तरीही घरमालकांना नकोसा वाटणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात काढली. निवृत्त होऊन बावधनला फ्लॅटमध्ये राहायला आले, पण निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. लोक खिशाला पेन लावतात, हे पोलादी टेप लावतात. कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढताच यांची नजर छताला जाऊन भिडते, तिथून खिडकीवर उतरते आणि मग सावकाश जमिनीवर फिरते. यजमान कौतुकाने विचारतात, "कसं वाटलं घर?" अशा वेळी कुणीही शहाणा माणूस "छान आहे" म्हणून पोह्यांकडे वळतो. साडू मात्र खिडकीची लांबी-रुंदी मनात गुणतात, जमिनीच्या क्षेत्रफळाला सहाने भागतात आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहतात. खिडकी जमिनीच्या निदान सहाव्या हिश्श्याइतकी हवी, असा नियम आहे. ती भरली तर त्यांचा चेहरा असा खुलतो की यजमानांना आपण काय पराक्रम केला ते कळत नाही. नाही भरली तर ते नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"नंतर घरातल्या गृहिणीला आपलंच घर कोंदट वाटू लागतं, असा आमच्या नात्यात अनुभव आहे.

शब्दांच्या बाबतीत तर ते फारच कडक. तुम्ही-आम्ही चार भिंती दिसल्या की खोली म्हणतो. साडूंच्या लेखी खोली ही पदवी आहे आणि ती मिळवावी लागते. माझ्या एका मित्राने नव्या फ्लॅटमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आणि ही माझी स्टडी रूम." साडूंनी दोन्ही हात पसरले, दोन्ही भिंतींना एकदम लागले. "हा पॅसेज आहे," ते मृदू आवाजात म्हणाले, "टेबल ठेवलं म्हणून पॅसेजची खोली होत नाही." पोटमाळ्याला वरचा मजला म्हटलेलं त्यांना खपत नाही. "जिथे ताठ उभं राहता येत नाही तिथे सामान ठेवावं आणि खाली यावं," असं ते बजावतात. एकदा आम्ही सगळे एका जुन्या देवळात गेलो होतो. गाभाऱ्यात काळोख, समईचा धूर, खिडकीचा पत्ता नाही. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या आणि मी धास्तावून साडूंच्या तोंडाकडे पाहत होतो. ते नमस्कार करून वळले. बाहेर येऊन चपला घालताना हळूच म्हणाले, "देवाला नियम लागू नाही. पण पुजाऱ्याला लागतो."

त्यांच्यासोबत घर बघायला जाणं हा मात्र एक सोहळा असतो. बावधनच्या एका नव्या इमारतीत नमुन्याचा फ्लॅट बघायला मी त्यांना घेऊन गेलो. सगळीकडे आरसे, मंद दिवे, गुळगुळीत पलंग, आणि हसतमुख विक्रेती. "सर, बघा ना, मास्टर बेडरूम किती स्पेशियस आहे." साडूंनी चपला काढल्या आणि सरळ त्या पलंगावर आडवे झाले. त्यांचे पाय गुडघ्यापासून खाली लोंबकळू लागले. साडू काही ताडमाड नाहीत. "मॅडम," ते पडल्या पडल्याच म्हणाले, "खोली मोठी नाहीये, पलंग लहान आहे." ती बिचारी आधी बावरली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. शेवटी तिने त्यांना सरबत पाजलं आणि स्वतः भाड्याने घेतलेल्या खोलीबद्दल सल्ला विचारला. साडूंनी तो अर्धा तास दिला. फ्लॅट राहिला बाजूला.

कासार आंबोलीचं माझं छोटंसं घर त्यांच्याच देखरेखीखाली झालं. गवंडी गावातलाच, जुना आणि फटकळ. साडू आले की तो थापी खाली ठेवायचा. प्रत्येक फेरीत एखादी खिडकी वीतभर वाढलेली पाहून एक दिवस त्याने विचारलंच, "सायेब, घरात खिडक्या करू का खिडक्यांत घर बांधू? येकदा काय ते ठरवा." साडूंना राग आला नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, भिंत कुणालाही बांधता येते. कुठे बांधायची नाही हे ज्याला कळतं तो खरा." गवंड्याने तंबाखू मळत यावर विचार केला आणि म्हणाला, "मंग तर तुमी लई मोठं मिस्त्री हाय." आज आमच्या घरात वर्तमानपत्र वाचायचं तर चारी कोपऱ्यांवर काहीतरी ठेवावं लागतं, आणि देवापुढचं निरांजन ताम्हनाच्या आडोशाला जळतं. पण वैशाखातही दुपारी पंखा लावावा लागत नाही. बायको कुरकुरते, पण पाहुणे आले की तीच आधी खिडक्या दाखवते.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एकदाच काय ते आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते आमच्या सायलीच्या लग्नाच्या वेळी.

सायली, माझी एकुलती एक मुलगी, हिंजवडीला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा जवळच्याच चांदे गावचा, घरी शेती, आणि हिंजवडीच्या कंपन्या जवळ आल्यापासून आवारात भाड्याच्या खोल्या. दोघांनी सगळं ठरवून टाकलं होतं, आम्ही फक्त रीत म्हणून मुलाचं घर बघायला जायचं होतं. ज्येष्ठ म्हणून साडू बरोबर हवेतच. गाडीतच सायलीने त्यांना हात जोडले. "काका, आज टेप घरी ठेवा ना." त्यांनी निमूटपणे टेप काढून ताईंच्या पर्समध्ये ठेवला. आम्हाला हायसं वाटलं. ते हात पसरून आणि पावलं टाकूनही मोजतात, हे आम्ही विसरलो होतो.

मुलाच्या वडिलांनी अगत्याने बसवलं. पुढची खोली ऐसपैस, चकचकीत फरशी, भिंतीभर टीव्ही. मुलगा लाजत समोर बसला. पोहे आले, चहा आला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की साडू जागेवर नाहीत. ते स्वयंपाकघरातून बाहेर आले ते गंभीर चेहऱ्याने.

"मुलगा उत्तम आहे," ते म्हणाले, "घरही प्रशस्त आहे. पण या घराला स्वयंपाकघर नाही."

मुलाच्या वडिलांना आधी ही थट्टा वाटली. "मंग पोहं काय आभाळातनं पडलं व्हय?"

"पोहे झाले ती कोठीची खोली. स्वयंपाकघराला बाहेरची हवा लागते. तुमच्या इथे एकच खिडकी आहे आणि ती मागच्या भाडेकरूच्या खोलीत उघडते. म्हणजे उघडतच नाही. भरदुपारी दिवा लावून तुमच्या मंडळी आत उभ्या आहेत."

बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी चहा सांडला. मुलाचे वडील उठून उभे राहिले. "पावनं, तुमी पोरगं बगाया आलाय का आमचं घर पाडाया? मागली खोली मी माज्या हातानं बांधलीया. तुमाला न्हाई पटत तर राहूंद्या."

दारात मुलाची आई उभी होती, हातात रिकाम्या बश्या. पदराने तोंड दाबून ती खोकली आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर सायली खिडकीबाहेर बघत बसली होती. बावधन जवळ आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही माझं लग्न मोडलंत." घरी उतरल्यावर साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी त्यांची माफी मागतो. उद्याच जातो. पण खिडकीबद्दल मी खोटं बोलणार नाही, तेवढं मला सांगू नका." ते खरंच गेले. मुलाच्या वडिलांनी दारातूनच परत पाठवलं. सायली त्यांच्याशी बोलेनाशी झाली. लहानपणी याच काकांच्या पाठुंगळी बसून तिने खिडक्या मोजल्या होत्या. ताई म्हणाल्या की साडू जेवणावरून उठून जातात. त्यांना कधी कुणी असं पाहिलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी माझ्या बायकोचा फोन वाजला. मुलाची आई होती. "वैनी, तुमचं ते मोजणारं पावनं हायेत ना? त्यास्नी घिऊन या. आमच्याकडं चूल भायेर आलीया."

आम्ही गेलो तेव्हा खरोखरच अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं. आम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच बाईंनी जाहीर केलं होतं की खिडकी होईपर्यंत त्या आत स्वयंपाक करणार नाहीत. सगळे भाडेकरू जाता-येता बघत होते, आणि मुलाचे वडील ओट्यावर खाली मान घालून भाकरी खात होते. साडूंना बघून ते म्हणाले, "या. लावली ना आग घरात."

"आग मीच लावली हाय," बाई भाकरी थापत म्हणाल्या. "मागली खोली झाल्यापून सांगतीया, आत जीव गुदमारतोय. कुनी ऐकलं न्हाई. ह्या पावन्यानं आत येऊन इचारलं, दिवसा दिवा का वो लावलाय? येवडं इचारणारं मानूस मी पयल्यांदा बगितलं."

"आन् खिडकीपायी मागली खोली पाडली तर भाडेकरू कुटं घालू?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

आता साडू बोलले, आणि आधी भाडेकरूबद्दलच बोलले. त्या खोलीत एक रखवालदार आणि त्याची बायको राहत होते. "त्यांची सोय झाल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. वरच्या मजल्यावर एक खोली खताची पोती भरून पडली होती. साडूंनी ताईंच्या पर्समधला टेप मागून घेतला, ती मोजली, आणि खाली येऊन म्हणाले, "ही खोली आहे." पोती हलली, जोडपं वर गेलं. वर ऊन येतं म्हणून रखवालदाराची बायको खूश झाली.

मागची खोली उतरवल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवर पहिला घाव बाईंनी स्वतः घातला. पहार कुणाला देईनात. विटा ढासळल्या आणि उजेड आत शिरला. भिंती छतापर्यंत तेलकट काळ्या होत्या. बाई ओशाळल्या. "येवडी काळी व्हती व्हय? मला कवा दिसलंच न्हाई." मुलाच्या वडिलांनी भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग बायकोच्या हातातली पहार त्यांनी काढून घेतली आणि म्हणाले, "तू बस आता. मी करतो." त्या दिवशी त्यांनी साडूंना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

लग्न चांद्यालाच झालं. सासरी गेल्यावर सायलीने पहिला चहा केला तो काकांना बोलावून. खिडकीशी उभी राहून तिने त्यांना हाक मारली. ते आत आले तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात चहा उतू गेला. विहीणबाईंचा खोकला आता बराच कमी आहे. व्याही आणि साडू यांची तर अशी गट्टी जमली आहे की गावात कुणी खोली काढायची म्हटलं की व्याहीच सांगतात, "थांब, आमच्या पावन्याला इचारू."

गेल्या वर्षी साडूंच्या फ्लॅटसमोरच्या मोकळ्या जागेत एक उंच इमारत उभी राहिली. मला वाटलं, आता हे कुणाला झोपू देणार नाहीत. त्यांनी मंजूर नकाशे मिळवले, दोन इमारतींमधलं अंतर तपासलं, उंची तपासली. मी भेटायला गेलो तेव्हा ते गॅलरीत शांत बसले होते.

"काही सापडलं?" मी विचारलं.

"नाही. सगळं अगदी रीतसर आहे. उजेड येतो, वारा येतो. त्या लोकांनी चांगलं काम केलंय." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "इथून टेकडी दिसायची हो. नियमात टेकडीबद्दल काहीच नाही. इतकी वर्षं मीही कधी कुणाला विचारलं नाही, खिडकीतून दिसतं काय."

मग ते उठले आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या बाल्कनीत घेऊन गेले. वाळत घातलेल्या कपड्यांखाली तिथे एक स्टूल होतं. मला त्यावर बसवून त्यांनी ताईंची साडी जराशी बाजूला केली आणि माझी मान हलकेच डावीकडे वळवली.

"दिसली?"

दोन इमारतींच्या फटीतून टेकडीचा हातभर तुकडा दिसत होता. पाऊस नुकताच सरला होता आणि सोनकी फुलून तो पिवळाधमक झाला होता.

"दिसली," मी म्हणालो. साडू साडी धरून तसेच उभे राहिले, मला पोटभर बघता यावी म्हणून.