बर्फात जावईपण घसरलं

धसईच्या खाचरांत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततात, तिथून माझी फोर बाय फोर जीप आरामात बाहेर यायची. त्यामुळे आपल्याला गाडी चालवता येते, असा माझा समज झाला होता. त्याच समजावर मागच्या जानेवारीत बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन मी मुरबाडहून थेट हिमाचल गाठलं.

सासरे किन्हवलीचे. जन्मभर माळशेज घाटात एसटीचा लाल डबा हाकून निवृत्त झालेले. बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता, पण मत तयार होतं.

खिंडीच्या पायथ्याशी एका चहावाल्याने बर्फात पकड राहावी म्हणून चाकांना साखळ्या बांधायला सांगितलं. "चारी चाकांना जोर आहे," मी ऐटीत म्हणालो. चढ खरंच झकास चढलो. इतरांच्या गाड्या जागेवरच चाकं फिरवत होत्या. त्यांच्याकडे मी दयेने पाहून घेतलं.

मग उतार लागला.

"जावईबापू, तुमी गेर उतरवा. ब्रेकला पाय लावू नका," सासरे म्हणाले.

"मामा, हा लाल डबा नाय," असं म्हणून मी वळणावर ब्रेक दाबला.

चारही चाकं एकमताने घसरली. स्टिअरिंग डावीकडे, गाडी सरळ, आणि मग सावकाश रस्त्याला आडवी.

"अरे गाढवा, पाय काढ!"

अकरा वर्षांचा जावयाचा मान एका वळणात संपला. पाय मी काढला नाही, कारण तो माझं ऐकतच नव्हता. नशिबाने आम्ही डोंगराच्या बाजूला, बर्फाच्या ढिगात जाऊन बसलो. बायकोने आधी देवाचं नाव घेतलं, मग माझ्या अख्ख्या खानदानाचं.

मागून आलेल्या एका जीपवाल्याने फावड्याने बर्फ उपसला, स्वतःच्या जादा साखळ्या बांधून दिल्या आणि न विचारता शिकवलंही. चार चाकांचा जोर गाडी हलवायला. थांबायला तुम्ही इतरांसारखेच.

सासऱ्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. माकडटोपीतल्या त्या माणसाने पहिल्या गेरात, ब्रेकला जेमतेम शिवत, गाडी खाली आणली. इतकी हळू, की लाकडाचे भारे घेतलेल्या दोन बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. मला कमीपणा वाटला नाही. मागच्या सीटवर मी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

खोलीवर पोचल्यावर ते हळूच म्हणाले, "रागात बोललो. गावात कुनाला सांगनार नाय."

त्यांनी शब्द पाळला. बायकोने मात्र तिथूनच माहेरी फोन लावला. आम्ही घरी पोचलो तेव्हा किन्हवलीत ही गोष्ट हातवाऱ्यांसकट सांगितली जात होती, आणि तिच्यात दरीसुद्धा आली होती.