इन्सब्रुकच्या एअरपोर्टहून येताना

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. मी मेलबर्नला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, राहायला क्रेगीबर्नला. रिपोर्टमध्ये दिसतं तेवढंच खरं, असं मानणाऱ्यांतली मी. या ग्रुपवरचे असे अनुभव मी नवऱ्याला, समीरला, हसत हसत वाचून दाखवायचे. हा माझा स्वतःचा आहे, म्हणून जसा घडला तसाच लिहिते.

माझा धाकटा भाऊ ओंकार ऑस्ट्रियात इन्सब्रुकला पीएचडी करत होता. शेकडो वर्षं जुनं शहर — चहूकडे डोंगर, मधून नदी. मार्चमध्ये मी त्याच्याकडे जाणार होते. तिकीटही काढलं होतं. मग लॅबमध्ये दोघी जणी रजेवर गेल्या आणि मी ते कॅन्सल केलं. खरं सांगायचं तर जरा भांडले असते तर सुट्टी मिळाली असती. कॅन्सल केल्याचं त्याला कळवणार, त्याच्या आधीच त्याचा व्हॉइस मेसेज आला होता — एअरपोर्टहून शहरात कसं यायचं त्याचा. चांगला चार मिनिटांचा. आता जायचंच नाही तर ऐकायचा कशाला... म्हणून तो तसाच राहिला.

जूनमध्ये ओंकार ट्रेकला गेला होता, तिथे कड्यावरून पडला. आयसीयूत होता, शुद्ध नव्हती. मला फोन केला तो त्याच्या रूममेटने, लुकासने. आई पुण्यात, तिच्याकडे व्हिसा नाही. मीच निघाले.

दोन विमानं बदलून सकाळी इन्सब्रुकला उतरले. एअरपोर्ट एवढासा. बाहेर पडलं की समोरच बसस्टॉप. लुकासने सांगून ठेवलं होतं — भेटायची वेळ दुपारी दोनची आहे, तोवर ओंकारच्या खोलीवर ये, बॅग ठेव, अंघोळ कर, मग बरोबरच जाऊ. खोली नदीपलीकडे होती. बाजाराच्या स्टॉपला उतरून पूल ओलांडायचा.

बसमध्ये बसले आणि त्याचा आवाज ऐकावासा वाटला. तो मेसेज शोधून काढला, इअरफोन लावले.

"ताई, ऐक. बाहेर आलीस की समोरूनच बस मिळते. खिडकीची जागा पकड, डोंगर भारी दिसतात..." नेहमीचा आवाज, मध्येच ते त्याचं हसणं. डोंगर कसले दिसतायत, मी रडत होते. मग तो थांबला. आणि हळू आवाजात म्हणाला, "रूमवर जाऊ नकोस. हॉस्पिटलच्या स्टॉपला उतर, बॅग घेऊनच ये. तिसरा मजला, डावीकडे काचेचं दार आहे. बेल दाब, सिस्टर येईल. दोनपर्यंत थांबू नकोस ताई... तेव्हा मी नसेन."

वर बोर्डावर पुढच्या स्टॉपचं नाव आलं होतं — हॉस्पिटलचंच. मी बटण दाबलं.

तिसरा मजला. डावीकडे काचेचं दार. बेल दाबली. सिस्टर आली, "व्हिजिटिंग इज ॲट टू," म्हणाली, मग माझ्याकडे आणि बॅगेकडे बघून थांबली. "यू आर हिज सिस्टर? कम."

चेहरा सुजला होता, ओळखू येत नव्हता. हात मात्र त्याचाच होता. "ओम्या, मी आले रे," एवढंच म्हणता आलं. हात धरून अर्धा तासही झाला नसेल... मशीन वाजायला लागली, सगळे धावत आले.

तो बाराच्या आधीच गेला. लुकास खोलीवर माझी वाट बघून दोनला आला, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. ओंकार याआधी कधी या हॉस्पिटलमध्ये आला होता का, असं मी त्याला विचारलं. कधीच नाही, म्हणाला.

घरी आल्यावर समीरला मेसेज ऐकवला. तो आयटीतला. आधी तारीख तपासली — मार्चचीच. म्हणाला, "अगं, युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटलचा स्टॉप एकच आहे ना? त्याच्या डिपार्टमेंटला बोलावलं असेल तुला. दोनला लेक्चर असेल."

"आणि बेल दाबल्यावर येणारी सिस्टर?"

त्याने पुन्हा एकदा ऐकला. मग बॅकयार्डमध्ये जाऊन उभा राहिला.

आई अजून फोनवर विचारते, "शेवटचं काही बोलला का गं तो?" मी म्हणते, "शुद्धच नव्हती गं." मेसेज तिला ऐकवायचा धीर होत नाही. तो मार्चमध्ये असं का बोलला, हे मी विचारत बसते. पण आई ते विचारणारच नाही. ती विचारेल, "तू मार्चमध्येच का नाही ऐकलास?" ऐकला असता तर मी लगेच फोन करून म्हटलं असतं, "हॉस्पिटल कशाला रे ओम्या? काय झालंय तुला?"